पावसाळी राजगड–तोरण्यासाठी बूट निवडताना

भर पावसात राजगड ते तोरणा करायचं ठरलं आणि बूट नवे घेणं आलंच. राजगडाच्या आळू दरवाजातून उतरून तोरण्याच्या बुधला माचीला भिडणारी ही डोंगरधारेची वाट. चिखल, ओलं गवत, घसारा म्हणजे सुट्या माती-दगडांचा उतार, आणि शेवाळलेला कातळ, सगळं एकाच दिवसात पायाखाली येतं. त्यामुळे दुकानात आधी सोल बघायचा, रंगरूप नंतर, हे मी पक्कं केलं होतं.

आपला बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ, कोरडा असताना कुठलाही बरा बूट धरून ठेवतो. ओला झाला की चित्र बदलतं. खोल खाचा चिखलात कामाला येतात, पण ओल्या कातळावर पकड मिळते ती रबर मऊ असेल तरच. म्हणून मी प्रत्येक सोलमध्ये नख रुतवून पाहिलं. नख जराही दबत नाही असा टणक सोल सरळ परत ठेवला. शेवाळावर मात्र मऊ रबरही दगा देतं, तिथे जपूनच पाय टाकायचा.

दुकानदार वॉटरप्रूफ बुटांचा आग्रह धरून होता. हिमालयात बर्फात ते हवेतच. आपल्याकडच्या धो धो पावसात मात्र पाणी पायावरून ओघळत वरून आत जातं आणि आतल्या अस्तरामुळे तिथेच साचून राहतं. जाळीदार बूट भिजतो, पण चालता चालता निथळतोही. मी जाळीदारच घेतला.

मापासाठी मुद्दाम संध्याकाळी गेले होते, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. ट्रेकचे मोजे सोबत नेले. नाडी नीट आवळून दुकानाच्या जिन्यावरून उतरले आणि प्रत्येक पायरीवर थांबून बोटं पुढे टेकतात का ते बघितलं. चढताना सगळेच बूट छान वाटतात. नखं काळी-निळी होतात ती उतरताना. नेहमीच्या मापाचा बूट टोकाला लागत होता, एक नंबर मोठा बसला. टाच हलू नये म्हणून नाडी सर्वांत वरच्या भोकांतून वळसा देऊन बांधायला लागले.

मग खरी चाचणी सिंहगडावर, आतकरवाडीच्या वाटेने, पाऊस चालू असताना. सॅकमध्ये तांदळाची पिशवी आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या कोंबल्या, कारण रिकाम्या पाठीने चालून बुटाबद्दल काहीच कळत नाही. सॅकचा पट्टा पोटावर न बांधता कमरेच्या हाडांवर घट्ट बसवला, तेव्हा खांद्यांवरचं ओझं जाणवण्याइतकं हलकं झालं. रेनकव्हर असूनही पाठीकडून पाणी झिरपलं, कारण ती बाजू उघडीच असते. आता सगळं सामान आत एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत जातं. उतरताना करंगळीजवळ लाली आली होती. सुती मोजे ओले होऊन घासत होते. सिंथेटिक मोजे घातल्यावर पुढच्या फेरीला तो त्रास उरला नाही.

घरी आल्यावर बूट धुऊन, आतला सोल बाहेर काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली वाळवते. चुलीजवळ किंवा हीटरपाशी ठेवले तर चिकटवलेला सोल सुटू शकतो. तरी सॅकच्या वरच्या कप्प्यात नायलॉनची दोरी आणि चिकटपट्टी असतेच. धारेवर मधेच सोल उघडला तर गुंडाळून गावापर्यंत उतरता आलं पाहिजे.