पिवळा बल्ब आणि तिसरी शिट्टी

सांगलीत विश्रामबागेतला आमचा फ्लॅट तसा शांत गल्लीत आहे. गोंगाट असायचा तो आतच. संध्याकाळी 7 वाजले की हॉलमध्ये ट्यूब, टीव्हीवर सासूबाईंची मालिका, कुकरच्या शिट्ट्या आणि या सगळ्यावर वरताण लेकाच्या मोबाईलमधला गोळीबार. ऑफिसमधून दमून यायचं आणि घरी आल्यावर आणखी दमायचं.

आमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून संध्याकाळी 7 ला देवळावरचा भोंगा वाजतो. साडेआठचा भोंगा होईपर्यंत गावात टीव्ही-मोबाईल बंद. पोरं पुस्तकं काढतात, मोठी माणसं गप्पा मारतात. आमच्या सोसायटीत भोंग्यावरून आधी मीटिंग होईल, मग भांडण. म्हणून घरापुरता कुकर धरला. भाताची तिसरी शिट्टी झाली की सगळ्यांचे फोन फ्रिजवर. माझासुद्धा.

खरा फरक मात्र पडला तो उजेडाने. एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 6500 म्हणजे पांढरा, निळसर झाक असलेला उजेड, 2700 म्हणजे पिवळा. असा निळसर उजेड रात्री डोळ्यांवर राहिला की झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं. मी 2700 चा 9 वॉटचा बल्ब आणला आणि छताला न लावता कोपऱ्यातल्या स्टँडच्या दिव्यात बसवला. दुकानदार म्हणालाच, "वहिनी, उजेड कमी पडतो म्हणून परत आणाल." नाही नेला. किचनची ट्यूब मात्र तशीच ठेवलीय. पिवळ्या उजेडात कोथिंबिरीची पिकलेली पानं दिसत नाहीत, जुडी निवडून झाली तरी निम्मी तशीच राहतात.

सासूबाईंना हे मुळीच पटलं नव्हतं. "तिन्हीसांजेला घरात अंधार करून बसायचं? लक्ष्मीला दार दिसायला नको?" मग ट्यूब बंद करायची ती देवापुढे समई लावल्यावरच, असं ठरलं. समईचं खातं त्यांच्याकडे. तेल तिळाचंच. वात तांदळाएवढीच बाहेर ठेवतात, जास्त ओढली की ज्योत भडकते आणि काजळी धरते. मी लावली तर मागून येऊन ती सारखी करतातच.

सुगंधी मेणबत्त्यांचं म्हणाल तर एप्रिलात सांगलीत पंख्याशिवाय बसून दाखवा, मग मेणबत्तीचं बोलू. शिवाय आमच्या अहोंना उदबत्तीनेही शिंका येतात, त्यामुळे वासाचा विषय मी सोडूनच दिलाय. डासांसाठी दिवेलागणीच्या आधी खिडक्या लावून घ्यायच्या आणि टेबलफॅन जमिनीवर, पायांच्या दिशेने ठेवायचा. वाऱ्याच्या झोतात डासांना धड उडता येत नाही. फवारा मारून खोकत बसण्यापेक्षा हे बरं.

मालिकेचं काय, तर तो भाग रात्री पुन्हा दाखवतात. सासूबाई आता तोच बघतात, आवाज निम्म्यावर ठेवून. परवा लेकाने हळूच विचारलं, "आज्जी, भारताची मॅच असली तर?"

"मॅचला सूट," त्या म्हणाल्या. मला कुणी विचारलंच नाही.