रोक्युरोनियम नको, दुसरं काढ

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर पेशंटचा आवाज बदलला, की रिकव्हरीतल्या सिस्टर फोन करत बसत नाहीत, थेट ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, दारात येऊन हाक मारतात. त्या दुपारी तशीच हाक आली. मी भूलतज्ज्ञ. जाऊन बघते तर बाई पलंगावर पुढे वाकून बसलेल्या, मागे टेकायला तयार नाहीत. आवाज घोगरा, ड्रेसिंगची उजवी कड वर उचललेली. जखमेतलं रक्त बाहेर आणणाऱ्या नळीच्या, म्हणजे ड्रेनच्या, बाटलीत जेमतेम काही थेंब. ड्रेन कोरडा आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं. नळी गुठळीने तुंबली, की रक्त आतच साचत जातं.

टाके कापायची कात्री अशा पेशंटच्या उशाशीच ठेवलेली असते. सर्जननी तिथेच टाके उघडले, काळसर गुठळ्या बाहेर आल्या आणि बाईंचा श्वास जरा मोकळा झाला. पण आत कुठेतरी रक्त वाहत होतं. परत ओटीत न्यायचं, परत श्वासनलिकेत ट्यूब घालायची. आणि तीही सुजलेल्या घशात, कारण मानेत रक्त साचलं की शिरांचा परतीचा प्रवाह अडतो आणि स्वरयंत्राला सूज चढते.

टेबलावर घेईपर्यंत माझ्या रेसिडेंटने, म्हणजे हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टरने, औषधं भरायला घेतली होती. त्याच्या हातात रोक्युरोनियमची, म्हणजे स्नायू सैल पाडणाऱ्या औषधाची, बाटली.

"रोक्युरोनियम नको, दुसरं काढ," मी म्हटलं. "स्कोलीन भर. आणि पुढे लागेल म्हणून सिसअ‍ॅट्राक्युरियम जवळ ठेव."

हीही दोन्ही स्नायू सैल पाडणारीच औषधं. त्याने सकाळचा चार्ट पाहिला, मान डोलावली आणि बाटली खाली ठेवली. कारण त्या चार्टवर होतं.

सकाळी ट्यूब घालताना याच बाईंना रोक्युरोनियम दिलं होतं. वजन ५० किलो, डोस ३० मिलिग्रॅम. हे औषध नस आणि स्नायू यांच्या सांध्यावरचे रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागा, अडवून बसतं, त्यामुळे नसेचा निरोप आणणारं अ‍ॅसिटिलकोलीन स्नायूपर्यंत पोचूनही काही करू शकत नाही. ट्यूब घालताना हेच हवं असतं. पण त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात सर्जनना नेमकं उलटं हवं होतं. स्वरयंत्राची नस थायरॉइडच्या मागून जाते. ती शाबूत आहे का, हे तपासायला तिला विजेचा बारीकसा झटका देतात. स्वरतंतू हलले, तर ट्यूबवरच्या इलेक्ट्रोडमधून मशीनला कळतं. स्नायूच लुळे असतील तर मशीन गप्प बसणार, आणि ती शांतता नस तुटल्याची की औषधाची, हे कोण सांगणार?

पूर्वी अशा वेळी औषधाचा अंमल उतरवायला आमच्या हातात फक्त निओस्टिग्मिन असायचं. ते अ‍ॅसिटिलकोलीन तोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीनची गर्दी वाढवून स्नायू सैल पाडणाऱ्या औषधाला रिसेप्टरवरून हटवायचं. पण गर्दी सगळीकडेच वाढते. नाडी मंदावते, तोंडाला लाळ सुटते, म्हणून सोबत ते आवरणारं ग्लायकोपायरोलेट द्यावं लागतं. शिवाय स्नायूंवरचा अंमल खोल असेल तर निओस्टिग्मिन कितीही द्या, ठरावीक मर्यादेपलीकडे उपयोग नाही.

सकाळी आम्ही रोक्युरोनियमचा नवा उतारा, सुगॅमाडेक्स, दिलं होतं. हे औषध मला अजूनही थोडं अचंब्यात पाडतं. ते रिसेप्टरला शिवत नाही, एन्झाइमला शिवत नाही. रक्तात फिरतं आणि रोक्युरोनियमचा रेणू दिसला की त्याला पोटात घेतं, एकास एक. रक्तातलं मोकळं रोक्युरोनियम संपत आलं, की सांध्यावरचं तिथून सुटून रक्तात उतरतं आणि तेही पकडलं जातं.

ते सापडलं कसं, हेही ऐकण्यासारखं आहे. स्कॉटलंडमधल्या न्यूहाउसला ऑर्गेनॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत अँटन बॉम रोक्युरोनियम विरघळवण्यासाठी काहीतरी शोधत होते. त्यासाठी सायक्लोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनणारी साखरेची कडी, हा ओळखीचा पदार्थ. ही कडी तळ नसलेल्या वाटीसारखी असते, बाहेरून पाण्याशी मैत्री आणि आतून तेलाशी. जो रेणू आत बसतो तो विरघळतो. पण आत बसलेला रेणू स्वतःचं काम करू शकत नाही, आणि द्रावक शोधणाऱ्याला नकोसा वाटणारा हाच गुण उतारा म्हणून वापरता येईल, हे बॉमना दिसलं.

आठ ग्लुकोजची गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिन रुंदीला जमत होती, पण खोली कमी पडत होती. रोक्युरोनियम हे स्टेरॉइडच्या चार कड्यांचं हाड असलेलं औषध, ते अर्धवट बाहेर राहायचं. मग रसायनज्ञांनी आठही ग्लुकोजना गंधकाच्या दुव्याने एकेक शेपूट जोडली आणि प्रत्येक शेपटीच्या टोकाला ऋणभारित कार्बोक्सिल गट ठेवला. वाटी खोल झाली. आठ ऋण भार एकमेकांना दूर ढकलतात म्हणून तोंड मिटत नाही, आणि रोक्युरोनियमवरचा धनभारित नायट्रोजन त्याच भारांकडे ओढला जातो. या रेणूचा प्रयोगशाळेतला क्रमांक ऑर्ग २५९६९. पहिला शोधनिबंध २००२ चा, युरोपात मान्यता २००८ साली. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने त्याच वर्षी अ‍ॅलर्जीच्या शंकेवरून नकार दिला आणि परवानगी मिळायला डिसेंबर २०१५ उजाडला. ती शंका अगदीच निराधार नव्हती. अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी) क्वचित होतो, पण होतो. म्हणून दिल्यावर मी मॉनिटरसमोरून हलत नाही.

सकाळी मनगटावरच्या स्टिम्युलेटरला चारपैकी दोन झटक्यांना अंगठा हलत होता. अशा वेळी डोस किलोला २ मिलिग्रॅम, म्हणजे बाईंना १००. दोनेक मिनिटांत चौथा झटका पहिल्याच्या बरोबरीला आला, नसेचा सिग्नल वाजला, ऑपरेशन सुरळीत पार पडलं.

आता दुपारचं गणित. सुगॅमाडेक्सचा रेणू रोक्युरोनियमपेक्षा साडेतीन पटींहून जड आहे, म्हणून १ मिलिग्रॅम रोक्युरोनियमला सुमारे ३.६ मिलिग्रॅम सुगॅमाडेक्स लागतं. ३० ला साधारण १०७. आम्ही दिलं १००. वरवर पाहता हिशेब जवळजवळ बरोबर जुळतो. पण सुगॅमाडेक्स देईपर्यंत रोक्युरोनियमचा बराचसा भाग यकृताकडे गेलेला असतो, म्हणजे काही वाट्या रिकाम्या राहिल्या असणार. नंतर मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. चांगल्या मूत्रपिंडांत दर दोन तासांनी निम्मं होतं. तेव्हा दुपारी बाईंच्या रक्तात किती रिकाम्या वाट्या फिरत होत्या, हे मोजायला ओटीत काही साधन नाही. दुप्पट डोसने रोक्युरोनियम देता येतं, ते चालतंही, पण परिणाम सुरू व्हायला ४ मिनिटांपर्यंत लागू शकतात. सुजलेल्या घशासमोर चार मिनिटं वाट बघायची माझी तयारी नव्हती.

स्कोलीन, म्हणजे सक्सिनिलकोलीन, हे अ‍ॅसिटिलकोलीनचे दोन रेणू जोडून बनलेलं लांबट औषध. स्टेरॉइडशी त्याचं नातं नाही, त्यामुळे सुगॅमाडेक्सला त्यात रस नाही. उलट सकाळी निओस्टिग्मिन दिलं असतं तर इथे अडचण झाली असती. रक्तातलं जे एन्झाइम स्कोलीन तोडतं, त्यालाही निओस्टिग्मिन अडवतं, आणि पाच-दहा मिनिटांचं औषध रेंगाळत बसतं.

ऑक्सिजन देत बसल्या अवस्थेतच भूल सुरू केली, स्कोलीन दिलं. आधी पापण्या, मग गाल, मग दंड थरथरले आणि सगळं सैल पडलं. घशात घालायच्या कॅमेऱ्याच्या, म्हणजे व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या, पडद्यावर सकाळची ओळखीची रचना राहिलीच नव्हती. दोन्ही बाजूंनी गुलाबी, पाणी भरल्यासारखे फुगवटे, मध्ये एक फट. फटीत बूजी, म्हणजे वाट दाखवणारी लवचिक कांडी, घातली, तिच्यावरून ६ नंबरची ट्यूब सरकवली. मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची रेघ उमटली, म्हणजे ट्यूब श्वासनलिकेत बसली, तेव्हा सर्जननी विचारलं, "करू का सुरू?" मी हो म्हटलं आणि सिसअ‍ॅट्राक्युरियम सोडलं. वरच्या टोकाशी एक बारीक धमनी पिचकारी मारत होती. ती बांधली.

सूज होती म्हणून ट्यूब रात्रभर ठेवली आणि सूज उतरवायला डेक्सामेथासोन दिलं. त्यावर रेसिडेंट म्हणाला, "मॅडम, हेही स्टेरॉइडच की. तेही वाटीत जाईल?" प्रश्न चांगला होता. हाड तेच, पण डेक्सामेथासोनवर तो धनभारित नायट्रोजन नाही, त्यामुळे पकड फारच ढिली. व्यवहारात फरक पडत नाही. सिसअ‍ॅट्राक्युरियमची तर चिंताच नव्हती, शरीराच्या तापमानाला ते आपलं आपणच तुटतं.

सकाळी सूज ओसरली, ट्यूबभोवतीच्या फुग्यातली (कफमधली) हवा सोडल्यावर ट्यूबच्या बाजूने हवा जाऊ लागली, ट्यूब काढली. बाईंचा आवाज बसका होता, पण त्यांचाच होता.

डिस्चार्जच्या दिवशी मी मुद्दाम वॉर्डात गेले, कारण त्यांच्या फॉर्मवर गर्भनिरोधक गोळ्या लिहिलेल्या होत्या. त्या गोळ्यांतलं प्रोजेस्टोजेन हे संप्रेरकही स्टेरॉइड. सुगॅमाडेक्समुळे त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. किलोला ४ मिलिग्रॅमच्या डोसला अंदाज ३४ टक्के घटीचा आहे. म्हणून ऑपरेशनच्या दिवसाची गोळी घेतलेली असली तरी चुकली असं धरायचं आणि पाकिटातल्या पत्रकात चुकलेल्या गोळीसाठी जे सांगितलंय ते करायचं. गोळीऐवजी इंजेक्शन किंवा इम्प्लांट असतं, तर पुढचे ७ दिवस दुसरं साधन वापरायला सांगितलं असतं.

बाई म्हणाल्या, "पण मॅडम, मी त्या पाळीसाठी घेते. अंगावरून फार जातं म्हणून."

"तरी नवऱ्याला सांगून ठेवा," मी म्हटलं.

"सांगते. पण भुलेच्या औषधाने असं होतं, यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही. तुम्ही कार्डावर लिहून द्या."

मी लिहिलं, खाली सही केली, आणि त्यांच्या सांगण्यावरून शिक्काही मारला.