तीन रात्रींचा समुद्र आणि सहा पुस्तकं

क्रूझचं बुकिंग झालं त्या दिवशी मुलाचा फोन आला. "आई, पुस्तकं कमी घेजो." कपडे, औषधं, पैसे यांबद्दल एक शब्द नाही.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी गावचं वाचनालय पाहते. ‘ड’ वर्गाचं वाचनालय, एक खोली, चार लोखंडी कपाटं आणि उधईशी कायमची लढाई. कोणी गावाला निघालं की ‘बाई, गाडीत वाचायले काही द्या’ म्हणत माझ्याकडेच येतं, आणि मीही मोठ्या तोऱ्यात काढून देते. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र सहा नेली आणि जेमतेम अडीच वाचली. परत आल्यापासून गावातल्या आणखी दोन घरांनी बोटीची चौकशी केली, म्हणून हे लिहून ठेवते.

आम्ही चौघं: मी, हे, मोठे दीर आणि जाऊबाई. तीन रात्रींची सहल. मुंबईहून गोवा, मग एक पूर्ण दिवस नुसता समुद्र, मग परत मुंबई.

आधी तारखेचं. दिवाळीनंतर लगेच जा असं मुलाचं म्हणणं होतं, पण तेव्हा कापूस बोंडातून लोंबत असतो आणि वेचणीला बाया मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. यांनी ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही. शेवटी फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरला. तूर घरात आलेली, हरभरा सोंगायला अजून पंधरा दिवस. रोही, म्हणजे नीलगाई, पिकात येतात म्हणून जागलीला पुतण्याला ठेवलं. वाचणाऱ्यालाही हाच महिना सोयीचा, कारण तोवर वाचनालयातले दिवाळी अंक गावभर फिरून परत आलेले असतात. त्याचं महत्त्व पुढे सांगते.

पुलगावहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली. रात्रभराचा प्रवास, सकाळी सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीनं अगदी जवळ. पण सकाळी उतरून त्याच दुपारी बोट गाठायचं धाडस करू नका. गाडीला तीन तास उशीर झाला तर बोट काही आपल्यासाठी थांबणार नाही. आम्ही एक दिवस आधी निघालो आणि डोंबिवलीला नात्यातल्यांकडे उतरलो. जाऊबाईंचा जवसाच्या चटणीचा डबा तिथेच राहिला, कारण बाहेरचं खाणं बोटीवर नेऊ देत नाहीत. त्याचा शोक त्यांनी तिन्ही दिवस प्रत्येक जेवणाला केला.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा आपल्याकडून घेतात, चिठ्ठी बांधतात आणि परस्पर खोलीवर पोचवतात. ऐकायला फार छान. माझी बॅग दाराशी आली तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि वाचायचा चष्मा त्या बॅगेत होता. सगळी दुपार मी डेकवर मांडीवर पुस्तक उघडं ठेवून बसले होते, अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. चष्मा, रोजच्या गोळ्या, आधार कार्ड आणि पहिलं पुस्तक खांद्याच्या पिशवीत ठेवा. पहिलं पुस्तक कोणतं हे घरूनच ठरवून निघा, नाहीतर सगळीच बॅगेत जातात.

आता पुस्तकांकडे येते.

मी जी चूक केली ती जवळजवळ सगळे करतात. समुद्रावर जायचं म्हणजे समुद्राचं, कोकणाचं वाचायचं, असं मनानं घेतलं. श्री. ना. पेंडशांचं ‘तुंबाडचे खोत’ कित्येक वर्षं वाचायचं राहून गेलं होतं. दोन खंड. म्हटलं, एवढा निवांतपणा पुन्हा कधी मिळणार, किमान पहिला खंड तरी होईल. कादंबरी थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण खोतांच्या पिढ्यांमागून पिढ्या, कोण कोणाचा मुलगा आणि कोणाचं कोणाशी वैर हे डोक्यात ठेवायला घरचा पावसाळा लागतो. बोटीवर दर अर्ध्या तासाला भोंग्यावरून काहीतरी पुकारतात. आता तंबोला, आता जादूचे प्रयोग, आता अमुक मजल्यावर चहा. उठून यायचं, परत बसायचं, आणि दहा पानं मागे जायचं. साठाव्या पानावर मी ते मिटलं. वजन मात्र पुलगावपासून पुलगावपर्यंत वाहिलं.

निवांतपणा मिळेल ही कल्पनाच चुकीची आहे, असं माझं मत झालंय. बोटीवर वेळ खूप असतो पण तुकड्या-तुकड्यांचा. त्यामुळे पुस्तक असं हवं की कुठेही सोडलं तरी रागावणार नाही. वाचनालयात मी एक परीक्षा करते, तीच इथे चालते. पुस्तक मधूनच कुठेतरी उघडायचं आणि मागचं काही ठाऊक नसताना दोन पानं वाचायची. तेवढ्यात मन रमलं तर ते पिशवीत. ‘हा कोण आता?’ असं वाटलं तर ते घरी, पावसाळ्यासाठी.

या परीक्षेत जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ पैकीच्या पैकी गुण घेतं. कोकणातल्या एका गावातली तऱ्हेवाईक माणसं, एकेका प्रकरणात एकेक. कुठूनही सुरू करा. मारुती चितमपल्लींचे जंगलावरचे लेखही तसेच. मी ‘रानवाटा’ नेलं होतं. पहाटे समुद्रावर वाचायला जंगल फार चांगलं लागतं. का ते नीट सांगता येणार नाही. कदाचित समोर नुसतं पाणी असताना डोळ्यांना झाड हवं असतं.

आणि दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांच्या मनात बोटीवरचा प्रवासी नसणार, पण बोटीसाठी याहून सोयीची वस्तू दुसरी नाही. एक कथा, एक लेख, एक व्यंगचित्र, मध्येच राशिभविष्य. एकच अंक चौघांना पुरतो. दिरांनी भविष्य वाचलं, जाऊबाईंनी जाहिरातींतल्या साड्या पाहिल्या, यांनी तो तोंडावर ठेवून झोप काढली. फेब्रुवारीत जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हे अंक निम्म्या किमतीला मिळतात. वाटेत कोणाला देऊन टाकले तरी जीव तुटत नाही.

एक सावधगिरीचं. मिलिंद बोकिलांची ‘समुद्र’ ही छोटी कादंबरी मी केवळ नाव पाहून घेतली होती. एक जोडपं समुद्रकाठी सुट्टीला जातं आणि तिथे दोघांमध्ये जे निघतं ते निघतं. उत्तम लिहिलंय, एका बैठकीत होण्याजोगं आहे. पण लग्नाच्या छत्तिसाव्या वर्षी नवऱ्याबरोबर सुट्टीला गेलेल्या बाईनं ते खिडकी नसलेल्या खोलीत रात्री दोन वाजता वाचावं का, याचा विचार आधी करावा. हे शेजारी घोरत होते. मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसले.

‘धग’ आणि ‘बारोमास’ मी मुद्दाम घरी ठेवली होती. ‘धग’मधली उद्धव शेळक्यांची भाषा म्हणजे आमचीच वऱ्हाडी बोली, आणि सदानंद देशमुखांनी लिहिलेली शेतकऱ्याच्या घराची परवड तर आमच्या गल्लीतली. सुट्टीला निघताना कोण बांधून नेईल ती? असं मी म्हटलं खरं, पण ते माझ्यावरच उलटलं.

झालं असं. जाऊबाईंना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही. गोव्यानंतरच्या, नुसत्या समुद्राच्या दिवशी, त्या सकाळी म्हणाल्या, "तू वाच, मी आयकतो." आमच्याकडे श्रावणात पोथी लागते तेव्हाही हेच चालतं. मी दळवींचं एक प्रकरण मोठ्यानं वाचलं. संपलं तेव्हा जाऊबाईंनी सवयीनं हात जोडले. मग स्वतःच इतक्या हसल्या की पलीकडच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी आम्हाला हळू बोलायची विनंती केली. तेव्हा मोठ्यानं वाचायचं असेल तर माणसं नसलेला कोपरा शोधा. सकाळी सहा ते आठ सगळा डेकच रिकामा असतो. भोंगा बंद, ऊन कोवळं, आणि चहा मिळतो.

दुपारी मी ‘एका कोळियाने’ काढलं. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट, पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेली. पातळ पुस्तक आहे, दोन दुपारी पुरे. सुरुवातीलाच येतं की म्हाताऱ्याला चौऱ्याऐंशी दिवसांत एकही मासा मिळाला नाही. हे तोवर कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत होते. ते तिथूनच म्हणाले, "चौऱ्याऐंशी दिवसाचं काय घेऊन बसली? आपल्या इकडे तीन-तीन वर्षं पीक नाही होत, त्याच्यावर कोनी लिहिलं का?"

म्हटलं, "लिहिलंय ना. ‘बारोमास’. साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे त्याला."

"मंग ते काऊन नाही आनलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्रंथपाल म्हणून दुसऱ्यांना पुस्तक देताना आधी माणूस पाहते, आणि घरच्या माणसाला काय आवडेल हे न विचारताच पिशवी भरली. सोबत जाणाऱ्या प्रत्येकाला एक-एक पुस्तक स्वतः निवडू द्या. जो कधीच वाचत नाही त्यालाही.

आता वाऱ्याचं. वरच्या डेकवर वारा असा असतो की पान उलटायची गरज नाही, तो उलटतो, फक्त एकदम वीस. घरून कपडे वाळत घालायचे दोन चिमटे न्या. डावीकडच्या पानांना एक, उजवीकडच्यांना एक. भिंतीच्या आडोशाची बाजू शोधा. माणसांचे दुपट्टे शांत दिसतात ती बाजू बरोबर. भर दुपारी पांढरं पान उन्हात डोळ्यांवर येतं आणि मोबाईलवर तर काही दिसतच नाही, त्यामुळे तेव्हा सावलीत किंवा आत बसा. आतल्या खोलीला खिडकी नसेल तर दिवा मालवल्यावर विहिरीत बसल्यासारखा काळोख. उशाच्या दिव्याचं बटण कुठे आहे ते पहिल्याच संध्याकाळी पाहून ठेवा.

मोबाईलवर वाचणार किंवा ऐकणार असाल तर सगळं घरीच डाउनलोड करून घ्या. मुलानं माझ्या फोनमध्ये ऐकायची चार पुस्तकं ‘टाकून’ दिली होती. किनारा दिसेनासा झाला, नेटवर्क गेलं, आणि कळलं की त्यानं नुसती यादी टाकली होती. बोटीवरच्या वायफायला वेगळे पैसे पडतात. फोन विमान मोडवर ठेवा, कारण तो बोटीच्या नेटवर्कला जाऊन चिकटला तर नंतरचं बिल पाहून मळमळेल.

मळमळीवरून आठवलं. डोळ्यांना पान स्थिर दिसतं आणि कानाच्या आतला तोल सांगतो की आपण हलतोय, या भांडणात पोट मधे सापडतं. दिरांना शेवटच्या रात्री तेच झालं, तेही राशिभविष्य वाचताना. पुस्तक मिटायचं, वर मोकळ्यावर जायचं आणि दूर जिथे पाणी आभाळाला टेकतं तिथे पाहत राहायचं. बोटीच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे कमी लागतात. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते, तेव्हा निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

गोव्याच्या दिवशी काही वाचून होत नाही. बोट मुरगाव बंदराला लागते, लोक उतरतात, संध्याकाळी पाय दुखत परत येतात. त्या दिवसासाठी पुस्तक मोजूच नका. तीन रात्रींना माणशी एक पातळ पुस्तक आणि सगळ्यांत मिळून दोन दिवाळी अंक, एवढंच पुरे. बोटीवर मराठी पुस्तकं मिळतील या भरवशावर मात्र रिकाम्या हातानं जाऊ नका.

आणि वाचनालयाचं पुस्तक नेऊ नका. हे मी ग्रंथपाल म्हणून नाही, गुन्हेगार म्हणून सांगते. दळवींचं पुस्तक वाचनालयाचं होतं. शेवटच्या सकाळी मी ते चिमट्यांसकट खुर्चीवर ठेवून चहा आणायला गेले आणि तेवढ्यात खलाशी डेक धुवायला आले. खाऱ्या हवेनं पानं आधीच मऊ पडली होती, त्यात हे पाणी. मुंबईपर्यंत मी ते पंख्याखाली, मांडीवर, उशीखाली सगळीकडे वाळवलं. पानं फुगली ती फुगलीच. ते आता कपाटात मावतं, पण शेजारच्या दोन पुस्तकांना दाबून. रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात मी माझ्याच हातानं लिहिलं: ‘पाण्याने खराब. वाचक व ग्रंथपाल एकच. दंड वसूल.’

जाऊबाईंची तीन प्रकरणं राहिली होती, ती दर गुरुवारी एक अशी ओसरीवर वाचून संपवली. ‘बारोमास’ मी आल्याबरोबर यांच्या खाटेशी ठेवलं. पहिलं प्रकरण झालंय. मग हरभऱ्याची सोंगणी लागली.