खांब्याने हात वर करायचा नाही

शनिवारी दुपारी बायकोला सोऱ्या हवा होता. दिवाळीला अजून तीन आठवडे आहेत, पण आमच्याकडे आधी ट्रायलच्या चकल्या होतात, पहिला घाणा बिघडतोच म्हणून. सोऱ्या असतो सगळ्यात वरच्या फळीवर, आणि इथली किचनं ज्या कुणी बनवलीत त्यांच्या खानदानात पाच फूट चार इंचाचा माणूस जन्मलाच नसावा. मी खुर्ची ओढतोय तेवढ्यात शेजारच्या आजोबांचा नातू आला, आमचं लॉन तोच कापतो, त्याचे पैसे न्यायला आला होता. अकरावीतला पोरगा. खुर्ची बघितली, मला बघितलं, आत आला आणि टाचसुद्धा न उचलता सोऱ्या काढून ओट्यावर ठेवला. मग ही काय वस्तू म्हणून दांडा एकदा फिरवून पण बघितला.

मी म्हणालो, तुझं बरंय बाबा, उंच आहेस. बास्केटबॉल खेळत असशील ना?

नाही म्हणाला, ट्रॉम्बोन वाजवतो. आणि हसला. म्हणजे रोज तोच प्रश्न विचारणाऱ्या पाहुण्यांकडे बघून आपण लहानपणी हसायचो ना, तसं. हे हसू मी आधी कुठेतरी बघितलंय असं वाटत राहिलं. पहिल्या घाण्याच्या चकल्या कढईत विरघळल्या तेव्हाही तेच डोक्यात.

आता ट्रॉम्बोन वाजवणं ठीक आहे, पण अमेरिकेत, त्यातही इंडियानात राहून उंच पोराने बास्केटबॉल न खेळणं म्हणजे पंढरपुरात राहून माळेची अॅलर्जी असल्यासारखं आहे. इथे घराला गॅरेज असो नसो, ड्राइव्हवेवर रिंग असते. त्याचे आजोबा तर त्यातले पक्के वारकरी. मी त्यांना मनातल्या मनात आबा म्हणतो. गेली पाच-सहा वर्षं आमच्या दोघांचा एकच वाद चालू आहे, कॉलेज बास्केटबॉलमधला सगळ्यात भारी उंच गडी कोण. आबांचं उत्तर ठरलेलं, अल्सिंडर. पुढे जो करीम अब्दुल-जब्बार झाला तो, पण आबा त्याला त्याच्या यूसीएलए कॉलेजातल्या नावानेच ओळखतात. मी इथल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीचा, तिथूनच एमएस केलं, त्यामुळे माझं उत्तर तिथलाच झॅक ईडी. हे उत्तर चुकीचं आहे हे मला माहीत आहे. पण वाद घालायला कुणीतरी लागतंच.

गावस्कर की तेंडुलकर करत मोठे झालेल्या माणसाला हा वाद नवा नाही. तिथे हेल्मेट आणि विंडीजचा मारा, इथे वेगळं काहीतरी, पण चाल तीच. आबा म्हणणार की अल्सिंडरने तीन वर्षांत 88 मॅचेस जिंकल्या आणि दोन हरल्या, तिन्ही वर्षं चॅम्पियन, आणि पहिल्या वर्षी तर त्याला खेळूच दिलं नाही कारण तेव्हा फ्रेशमनला मुख्य टीममध्ये घ्यायचे नाहीत. त्या वर्षी यूसीएलएच्या फ्रेशमन पोरांनी स्वतःच्याच सीनियर टीमला, जी लागोपाठ दोन वर्षांची चॅम्पियन होती, 75-60 ने हरवलं होतं. यावर मी काय बोलणार. मग मी मुद्दाम 1968 ची ह्यूस्टनची मॅच काढतो, अॅस्ट्रोडोममधली, बावन्न हजारांवर माणसं, एल्विन हेजने 39 मारले आणि अल्सिंडर 15 वर अडकला. आबांचा चेहरा लगेच बदलतो. डोळा! त्याच्या डोळ्याला ओरखडा होता! जणू तो ओरखडा मीच काढला होता. आणि मार्चमध्ये त्याच ह्यूस्टनला 101-69 ने धुतलं ते सांग की. सांगतो.

माझं खरं म्हणणं वेगळंच आहे, ते आबांना नीट सांगता येत नाही कारण इंग्रजीत मी वादात लवकर हरतो. या लोकांची तुलना आकड्यांनी होतच नाही. बिल रसेल सॅन फ्रान्सिस्कोकडून मॅचमागे वीस रिबाउंड घ्यायचा, म्हणजे रिंगला लागून परत आलेले बॉल पकडायचा, आता कुणी वीस घेतले तर बातमी होते, पण तेव्हा नेम चुकायचेही जास्त, चुकलेला बॉल असेल तरच रिबाउंड ना. कॉलेजमध्ये शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या सेकंदांत बॉल मारायचं बंधन, 1985 ला आलं, त्याआधी वाटलं तर बॉल घेऊन निवांत बसा. दुरून मारलेल्याला तीन पॉइंट, तो तीनचा शॉट त्याच्याही पुढच्या वर्षी. मग तुलना करायची कशाची? माझ्या मते एकच माप आहे. त्या माणसाला आवरायला लोकांनी काय काय केलं ते बघा.

सुरुवात जॉर्ज मायकनपासून. चष्मेवाला, सहा फूट दहा इंच, डीपॉल कॉलेजात आला तेव्हा इतका धांदरट की कोच रे मायरने त्याला दोरीउड्या मारायला लावल्या, डान्स शिकायला पाठवलं. मला हे फार आवडतं. एवढा मोठा माणूस चष्मा सावरत एक-दोन-तीन एक-दोन-तीन करतोय. पण पाय सुटले आणि मग 1945 मध्ये ऱ्होड आयलंडविरुद्ध त्याने एकट्याने 53 पॉइंट केले. समोरच्या अख्ख्या टीमचे किती? 53. त्याच सुमाराला ओक्लाहोमात सात फुटी बॉब कर्लंड. हे दोघं रिंगच्या तोंडाशी उभे राहून खाली पडणारा बॉल आंबे झेलल्यासारखा झेलायचे. म्हणून 1944 मध्येच नियम आला होता की खाली यायला लागलेल्या शॉटला हात लावायचा नाही. कर्लंडच्या टीमने तरीही पुढची दोन्ही वर्षं चॅम्पियनशिप नेली ते सोडा.

मग रसेल. 1955 ला जिंकला, तर लगेच रिंगखालची लेन सहा फुटांची बारा फूट केली, उंच माणूस रिंगपासून लांब राहावा म्हणून. 1956 ला परत जिंकला. मग विल्ट चेंबरलेन, कॅन्सस, पहिल्याच मॅचला 52 पॉइंट आणि 31 रिबाउंड. त्याच्यासाठी नियमापेक्षा भारी गोष्ट झाली. 1957 ची फायनल, नॉर्थ कॅरोलायनाच्या कोचने सुरुवातीच्या जंपला, रेफरी बॉल वर उडवतो तेव्हा, सात फुटी विल्टसमोर कुणाला उभं केलं, तर पाच फूट अकरा इंचाच्या टॉमी कर्न्सला. जंप मिळणार नव्हताच, नुसती गंमत. अख्ख्या स्टेडियमसमोर विल्टला उगाच अवघडल्यासारखं व्हावं एवढ्यासाठी. ती मॅच तीन ओव्हरटाइमनंतर विल्ट एका पॉइंटने हरला, 54-53. मी स्वतः पाच-चार असल्यामुळे मला कर्न्सचा अभिमान वाटायला पाहिजे. वाटत नाही, का कुणास ठाऊक.

आणि अल्सिंडर. मुख्य टीममधलं त्याचं पहिलं वर्ष झालं आणि 1967 मध्ये त्यांनी डंकच, म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबणं, बंद केला. सगळ्यांसाठी बरं का, एकट्यासाठी नाही, नियमात नाव कुणाचंच नसतं. जवळजवळ दहा वर्षं कॉलेजमध्ये डंक नव्हता. अल्सिंडर मग दुरून, एका हाताने डोक्यावरून हुक मारायला लागला आणि पुढे त्या हुकवरच जन्मभर खाल्लं त्याने. त्याच डंकबंदीत बिल वॉल्टनने 1973 च्या फायनलमध्ये 22 शॉट मारले आणि त्यातले 21 आत घातले. 44 पॉइंट. आबांना सांगू नका, पण एका रात्रीपुरतं बोलायचं तर माझं मत वॉल्टनला. लहानपणी तोतरा बोलायचा, मोठेपणी बोलायचा थांबला नाही. या अल्सिंडर-वॉल्टनचा कोच जॉन वूडन, तो इंडियानातला, पर्ड्यूतच खेळलेला, आणि उंची पाच-दहा. म्हणजे घूम-फिरके पर्ड्यूच, हा माझा शेवटचा मुद्दा असतो, यावर आबा चहा संपवून उठतात.

ईडीची फायनल आम्ही एकत्र बघितली. 8 एप्रिल 2024. त्याच दिवशी दुपारी इंडियानापोलिसला खग्रास ग्रहण होतं, भर दुपारी तीनला अंधार, रस्त्यावरचे दिवे लागले, पक्षी गप्प. आबा आणि मी ड्राइव्हवेवर तो कागदी चष्मा लावून. आई नाशिकहून फोनवर, इथे दिसणार नाही म्हणून इथे पाळायचं नाही, पण तुझ्याकडे दिसतंय, तू काही खाऊ नकोस. माझ्या हातात तेव्हा चिप्सचं पाकीट. रात्री मॅच. सात फूट चार इंचाच्या, तीनशे पौंडाच्या ईडीने 37 मारले, आणि पर्ड्यू हरलं, 60-75. आणि त्या रात्री माझ्या लक्षात आलं की आता नियम बदलायची गरजच उरलेली नाही. समोरच्या यूकॉनने सरळ हिशोब केला, याला दोन-दोन घेऊ दे, बाकी चौघांना तीनचा मारू द्यायचा नाही. अख्ख्या टीमचा तीनचा एक शॉट गेला, एक! ईडी आत एकटा हमाली करत राहिला. वर त्याला चार वर्षं ऐकावं लागलं ते हेच, याला येतं काय, नुसता उंच आहे. दोनदा देशातला बेस्ट प्लेयर ठरला, राल्फ सॅम्पसन या जुन्या उंच गड्यानंतर हे कुणाला जमलं नव्हतं, तरी नुसता उंच आहे.

हे नियम करणाऱ्या एनसीएएचं, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेचं ऑफिस आमच्याच गावात आहे, डाउनटाउनला नदीकाठी. येता-जाता दिसतं. पूर्वी मला त्यांचा राग यायचा.

पूर्वी म्हणजे शनिवारपर्यंत. कारण ते हसू कुणाचं ते संध्याकाळी आठवलं.

आमच्या शाळेत खांब्या होता. आठवीत सहा फूट, नववीत सहा-दोन. डांबरी कोर्ट, रिंगला जाळी नाही, एका बाजूला पावसाचं पाणी ऑक्टोबरपर्यंत साठलेलं. गॅदरिंगला पताका बांधायला खांब्या, झाडात अडकलेला पतंग काढायला खांब्या, वर्गातला पंखा हाताने फिरवून चालू करायला खांब्या. जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालच्या टुर्नामेंटला समोरच्या पी.टी. सरांनी हरकत घेतली, हा मुलगा चौदाचा असूच शकत नाही, जन्माचा दाखला आणा. त्याचे वडील एस.टी.त कंडक्टर. कुणीतरी निरोप दिला, ते ड्युटीवरून तसेच खाकीत आले, दाखला दुधाच्या पिशवीत घातलेला, चार घड्या पडलेला. सरांनी तो वाचला, उलटा केला, उन्हात धरून बघितला. मग वडिलांकडे बघितलं. वडील जेमतेम माझ्या आताच्या उंचीचे. मग खांब्याकडे. मग परत वडिलांकडे. आम्ही सगळे हसलो, समोरची टीम हसली, खांब्याही हसला. तसंच. खेळू दिलं त्याला, पण त्या मॅचमध्ये त्याने एकदाही उडी मारली नाही.

पण ते बाहेरचे लोक. आम्ही काय केलं ते सांगायचं राहिलंच. संध्याकाळी पाचनंतर आमचं चार-चारचं चालायचं आणि खांब्या ज्याच्याकडे तो जिंकायचा, त्यात मजा येईना. मग आधी ठरलं की खांब्याने डी मध्ये, म्हणजे रिंगखाली, थांबायचं नाही. तरी जिंकायचा. मग त्याच्या बास्केटला एकच पॉइंट. तरी. मग तिसरा नियम, तो बहुतेक मीच सुचवला, बहुतेक काय, मीच, आणि विटेच्या तुकड्याने पंपाच्या खोलीच्या भिंतीवर लिहिलाही, की खांब्याने हात वर करायचा नाही. एनसीएएला जे करायला तेवीस वर्षं लागली ते आम्ही एका मे महिन्याच्या सुट्टीत उरकलं. आणि आम्ही नावानिशी लिहिलं होतं.

2015 मध्ये सिम भुल्लर, न्यू मेक्सिको स्टेटचा सात-पाच उंचीचा पंजाबी, सॅक्रामेंटोकडून एनबीएत उतरला, भारतीय वंशाचा पहिला, आणि टीमचे मालक मुंबईत जन्मलेले रणदिवे. आमच्या शाळेच्या ग्रुपवर त्या दिवशी धमाल. कुणीतरी टाकलं, खांब्या, तू पण गेला असतास बघ. खांब्या ग्रुपवर आहे, त्याने नुसता अंगठा टाकला. तो काय करतो हे आमच्यातल्या कुणाला नीट माहीत नाही, बहुतेक सिन्नरला कुठल्यातरी कंपनीत आहे.

तो नियम केल्यावर आठवडाभर खांब्या येत होता. चुकून हात वर जाऊ नये म्हणून दोन्ही हात मागे बांधून पळायचा, प्रार्थनेला विश्राममध्ये उभं राहतात तसे. आम्हाला त्याचंही हसू यायचं. मग यायचा बंद झाला. क्लास लागला असेल असं वाटलं, विचारलं कुणी नाही. चार-चारला एक गडी कमी पडायला लागला म्हणून आम्ही सातवीतल्या एका बुटक्या पोराला घेतलं आणि भिंतीवरचं पुसलं.