लिबरमन, लॅमॉन्ट आणि २००६ चा उन्हाळा

गुरुवार, २८ मार्च २०२४

कनेटिकटचे माजी डेमोक्रॅटिक सिनेटर जो लिबरमन काल न्यूयॉर्कमध्ये वारले. वय ८२ होते. पडल्याचे निमित्त झाले. त्यांच्यासाठी कनेटिकट राज्यात झेंडे अर्ध्यावर उतरवण्याचा आदेश ज्या गव्हर्नरांनी काढला, ते नेड लॅमॉन्ट म्हणजे १८ वर्षांपूर्वी लिबरमन यांच्याच पक्षातून त्यांच्याविरुद्ध उभे राहून त्यांची उमेदवारी काढून घेणारे गृहस्थ. इराक युद्धावरून आमचा वाद होता, तो तत्त्वाचा होता आणि निवडणूक संपल्यावर आम्ही मित्र राहिलो, अशा आशयाचे त्यांचे निवेदन सकाळी वाचले आणि दिवसभर तो उन्हाळा डोक्यात राहिला.

त्या वेळी मी हार्टफर्डमध्ये एका विमा कंपनीच्या संगणक विभागात काम करीत होतो. मताचा अधिकार नव्हता, त्यामुळे ती निवडणूक मी बाहेरूनच, पण फार जवळून पाहिली. फेब्रुवारीत सामर्रा येथील अस्करी मशिदीत स्फोट झाला आणि इराकमधल्या शिया-सुन्नी हिंसाचाराने उग्र रूप धरले. जूनच्या मध्यावर मृत अमेरिकन सैनिकांचा आकडा २५०० वर गेला. युद्ध कशासाठी सुरू केले आणि ते संपणार कधी, या दोन प्रश्नांना वॉशिंग्टनमधून मिळणारी उत्तरे दर महिन्याला बदलत होती.

लिबरमन १९८९ पासून सिनेटर होते आणि २००० साली अल गोर यांच्याबरोबर उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. अशा माणसाला पक्षातून आव्हान मिळाले ते २००२ च्या मतामुळे, असे आज सरसकट लिहिले जाते. ते मला पटत नाही. युद्धाला परवानगी देणारा तो ठराव ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाला होता आणि सिनेटमधल्या ५० पैकी २९ डेमोक्रॅट सदस्यांनी त्याच्या बाजूने मत दिले होते. कनेटिकटचे दुसरे सिनेटर ख्रिस डॉड हेही त्या २९ जणांत होते. त्यांच्याविरुद्ध पक्षातून कोणी उभे राहिले नाही आणि पुढे त्यांनी ते मत चुकीचे होते असे मान्य केले. लोकांचा राग लिबरमन यांच्या नंतरच्या वागण्याचा होता. सैन्य इराकमध्येच राहिले पाहिजे असे सांगणारा त्यांचा लेख नोव्हेंबर २००५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये आला, आणि लगेच डिसेंबरात त्यांनी आपल्याच पक्षाला बजावले की अध्यक्ष बुश अजून तीन वर्षे सरसेनापती राहणार आहेत आणि त्यांच्या विश्वासार्हतेला धक्का लावणे देशाला महागात पडेल. युद्धाबद्दल चूक होऊ शकते, हे डेमोक्रॅट मतदार एक वेळ समजून घेत होते. पण युद्धाबद्दल विचारणेच चूक आहे असे आपल्याच सिनेटरने सांगावे, हे त्यांना सहन झाले नाही.

त्यात ते चुंबन. फेब्रुवारी २००५ मध्ये अमेरिकेच्या संसदेसमोरचे भाषण संपवून निघताना बुश यांनी लिबरमन यांना जवळ घेतले आणि गालाशी तोंड नेले. ते खरोखर चुंबन होते की नाही यावर पुष्कळ खल झाला, पण प्रचाराला तेवढे पुरले. त्या प्रसंगाचा कागदाच्या लगद्याचा भलामोठा देखावा मालमोटारीवर चढवून राज्यभर फिरवला गेला. आपल्याकडच्या गणपतीच्या देखाव्यांची सवय असलेल्या माझ्यासारख्याला त्याचे कौतुक वाटले आणि थोडे वाईटही वाटले, कारण १८ वर्षांची कारकीर्द एका गालावर येऊन थांबली होती.

लॅमॉन्ट यांच्याजवळ पाहिले तर सांगण्यासारखे फारसे नव्हते. ग्रिनिच या धनाढ्य गावचे केबल टीव्हीचे उद्योजक, जे. पी. मॉर्गन बँकेतील एका नामांकित भागीदाराचे पणतू, गावच्या कारभारी मंडळाचा थोडा अनुभव आणि राज्य सिनेटच्या एका निवडणुकीत तिसरा क्रमांक, एवढीच शिदोरी. पैसा मात्र स्वतःचा होता आणि त्यांनी तो लाखांनी ओतला. मार्चमध्ये ते उभे राहिले तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत नाव येण्यासाठी पक्षाच्या अधिवेशनात १५ टक्के प्रतिनिधींचा पाठिंबा लागतो. मे महिन्यात त्यांना जवळजवळ एकतृतीयांश मिळाला, तेव्हा लिबरमन यांच्या माणसांचे चेहरे बदलले.

त्या उन्हाळ्यात नाना सांगलीहून आमच्याकडे राहायला आले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी जिल्हा परिषदेपासून लोकसभेपर्यंत एकही बंडखोरी नजरेतून सोडली नव्हती. जेवताना मी हा प्रकार सांगितला तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

“म्हणजे विद्यमान खासदाराचे तिकीट दिल्लीहून कापत नाहीत? गावोगावचे लोक कापतात?”

“हो नाना. पक्षात नाव नोंदवलेला कोणीही मत देऊ शकतो.”

“आणि तो हरला म्हणजे घरी बसतो?”

घरी बसणार नव्हते. ३ जुलैलाच लिबरमन यांनी जाहीर करून टाकले की पक्षाने नाकारले तर आपण नोव्हेंबरात स्वतंत्रपणे उभे राहू. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत प्राथमिक निवडणुकीत हरलेल्याला हा मार्ग कायद्याने बंद आहे; कनेटिकटमध्ये तो उघडा होता. फक्त ७५०० सह्या हव्या होत्या, आणि त्या देण्याची मुदत प्राथमिक निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत होती. नाना म्हणाले, “अरे, १९९५ ला आमच्याकडे ४५ अपक्ष विधानसभेत निवडून आले, त्यातले निम्मेअधिक काँग्रेसचेच रुसलेले. त्यांच्या टेकूवर सरकार उभे राहिले. हा तुझा सिनेटर पडत नाही बघ.” समोर रिपब्लिकन पक्षाचा माणूस कोण आहे, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि तोच खरा होता हे मला फार उशिरा उमगले.

६ जुलैच्या वादसभेत लिबरमन यांनी सर्व जोर आपण बुश नाही हे सांगण्यावर दिला: मी बुश यांना ओळखतो, त्यांच्याविरुद्ध निवडणूकही लढलो आहे, आणि मी बुश नाही. ते लॅमॉन्ट यांना इतक्यांदा मध्येच तोडत होते की शेवटी लॅमॉन्ट यांनी ‘हे फॉक्स न्यूज नव्हे’ असे सुनावले. मुरलेला माणूस चिडलेला दिसला आणि नवखा माणूस शांत दिसला. त्या रात्री मुद्द्यांपेक्षा हे जास्त लक्षात राहिले. लिबरमन यांची खरी बाजू वेगळीच होती आणि ती कच्ची नव्हती. कनेटिकट हे युद्धसामग्री बनवणारे राज्य आहे: ग्रॉटनला पाणबुड्या, स्ट्रॅटफर्डला सिकोर्स्कीची हेलिकॉप्टरे, ईस्ट हार्टफर्डला प्रॅट अँड व्हिटनीची विमानांची इंजिने. २००५ मध्ये ग्रॉटनचा पाणबुडी तळ बंद करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तो वाचवणाऱ्यांत लिबरमन पुढे होते. ज्या घरात पाणबुडीच्या कारखान्यातून पगार येतो, त्या घराने युद्धाच्या रागापायी आपला अनुभवी सिनेटर घालवावा का, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

आणखी एक गोष्ट मला फार गमतीची वाटते. १९७० साली याच राज्यात हाच खेळ झाला होता. तेव्हाचे सिनेटर थॉमस डॉड, म्हणजे ख्रिस डॉड यांचे वडील, निधीच्या गैरवापरावरून सिनेटच्या निर्भर्त्सनेस पात्र ठरले होते. डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी व्हिएतनाम युद्धाचे विरोधक जोसेफ डफी यांनी मिळवली, डॉड अपक्ष उभे राहिले, मते फुटली आणि रिपब्लिकन लोवेल वायकर सुमारे ४२ टक्क्यांवर निवडून आले. डफींच्या प्रचारात येल विद्यापीठात कायदा शिकणारा बिल क्लिंटन नावाचा तरुण राबत होता. त्याच वायकर यांना १९८८ मध्ये लिबरमन यांनी जेमतेम दहा हजार मतांनी पाडले, ते त्यांना दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत गुहेत घोरणारे अस्वल दाखवून. २००६ मध्ये लिबरमन यांनी ते अस्वल पुन्हा बाहेर काढले आणि लॅमॉन्ट यांना त्याचे पिल्लू केले, कारण वायकर आता लॅमॉन्ट यांच्या बाजूला होते. आणि जुलैच्या अखेरीस वॉटरबरीत लिबरमन यांच्यासाठी भाषण करायला कोण आले, तर बिल क्लिंटन.

८ ऑगस्टला मतदान होते. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत असत. त्यांना मी गाडीतून शाळेतल्या केंद्रावर नेले. दारापासून ७५ फुटांवर पाटी होती आणि तिच्या अलीकडे प्रचार करायला बंदी असल्याने दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते पाटीपलीकडे उन्हात उभे होते. आत तेव्हा जुनी खटक्यांची यंत्रे होती: नावापुढचा खटका ओढायचा आणि मोठा दांडा फिरवला की मत नोंदले जायचे आणि पडदा उघडायचा. लिबरमन राज्याचे ॲटर्नी जनरल होते तेव्हापासून बाई त्यांना मत देत आल्या होत्या. परत येताना पिशवीत चष्म्याचे घर शोधत त्या थोड्या त्राग्याने म्हणाल्या, “मी आज नेडला दिले. जोला घालवायचे नव्हते मला. त्याला कळवायचे होते.”

रात्री निकाल लागला. लॅमॉन्ट सुमारे ५२ टक्के, लिबरमन ४८. फरक दहा हजारांच्या आसपास. लिबरमन यांनी पराभव मान्य केला आणि त्याच भाषणात पूर्वार्ध संपला असून उत्तरार्ध बाकी आहे असे सांगितले. दोनच दिवसांत लंडनमध्ये विमाने उडवून देण्याचा कट उघडकीस आला आणि इराकमधून लवकर बाहेर पडणे हा अशाच लोकांचा विजय ठरेल, असे ते लॅमॉन्ट यांच्याविषयी बोलले. मला तो प्रचार अजूनही आवडत नाही.

नोव्हेंबरपर्यंत प्रश्नच बदलला. डेमोक्रॅट नेते, त्यात जुने मित्र डॉडही, आता अधिकृत उमेदवार म्हणून लॅमॉन्ट यांच्या मागे गेले. रिपब्लिकन उमेदवार ॲलन श्लेसिंगर हे जुगाराच्या जुन्या प्रकरणात सापडले होते आणि व्हाइट हाउसने आपल्याच पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा द्यायचे टाळले. नानांनी विचारले होते तेच. रिपब्लिकन मतदारांपैकी सुमारे दहातले सात लिबरमन यांच्याकडे गेले. स्वतः लिबरमन यांनीही सूर बदलला: युद्ध संपावे असे माझ्याइतके कोणालाच वाटत नाही, असे ते सांगू लागले. लॅमॉन्ट यांच्याजवळ एकच प्रश्न होता आणि प्रतिस्पर्ध्याने तो मान्य केल्यासारखे दाखवल्यावर त्यांच्या हातात काही उरले नाही. लिबरमन ५० टक्क्यांच्या जवळ, लॅमॉन्ट ४० च्या जवळ, श्लेसिंगर १० च्या आत. शेजारच्या बाईंनी या वेळी मत कोणाला दिले हे मी विचारले. “जोला. कळवून झाले होते ना!”

माझ्या मते या निवडणुकीचे मर्म बाईंच्या त्या दोन उत्तरांत आहे. पक्षाच्या मतदाराला जाब विचारायचा होता आणि तो ऑगस्टमध्ये विचारून झाला. जाब विचारणे आणि जागा काढून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे लॅमॉन्ट यांच्या माणसांनी लक्षात घेतले नाही. नोव्हेंबरात मतदानाच्या त्याच दिवशी, त्याच राज्यात, ग्रॉटनच्या मतदारसंघात जो कोर्टनी यांनी विद्यमान रिपब्लिकन प्रतिनिधी रॉब सिमन्स यांना ८३ मतांनी पाडले आणि पश्चिमेकडच्या मतदारसंघात २४ वर्षे निवडून येणाऱ्या नॅन्सी जॉन्सन यांना ३३ वर्षांच्या ख्रिस मर्फी यांनी हरवले. युद्धाचा राग खरा होता. पण तो ज्यांच्या नावापुढे बुश यांच्या पक्षाचे नाव होते, त्यांच्यावर जास्त निघाला.

पुढचे हिशेब लिबरमन यांच्या बाजूने जुळले. सिनेटमध्ये डेमोक्रॅट बाजूला ५१ आणि रिपब्लिकन बाजूला ४९ अशी स्थिती झाली आणि ५१ वा माणूस तेच होते, म्हणून ज्या पक्षाने त्यांना नाकारले त्यालाच त्यांना समितीचे अध्यक्षपद द्यावे लागले. जानेवारी २००७ मध्ये बुश यांनी इराकमध्ये आणखी वीस हजारांवर सैन्य पाठवायचे ठरवले, तेव्हा युद्ध संपावे असे सर्वांत जास्त वाटणारे लिबरमन त्याचे खंदे समर्थक होते. २००८ मध्ये त्यांनी जॉन मॅकेन यांचा प्रचार केला. २००९ मध्ये आरोग्य विमा कायद्याला एकेका मताची गरज असताना सरकारी विम्याचा पर्याय आणि ५५ वर्षांपुढच्यांना मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा विकत घेण्याची सोय, ही दोन्ही कलमे मुख्यतः त्यांच्या हट्टामुळे गळाली. विमा कंपन्यांच्या शहरात काम करीत असल्याने ती बातमी आमच्या मजल्यावर कशी पोहोचली आणि कोणी किती समाधानाने वाचली, हे मी पाहिले आहे.

तरीही लॅमॉन्ट यांनी उभे राहायला नको होते असे मला वाटत नाही. त्या ऑगस्टपर्यंत युद्धाची बाजू घेणाऱ्या डेमोक्रॅट नेत्याला आपल्याच मतदारांकडून काही गमवावे लागत नव्हते. नंतर लागू लागले. मी नागरिक झाल्यावर २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी त्यांना मत दिले, ते बरेचसे या जुन्या उन्हाळ्याच्या हिशेबावर.

लिबरमन यांनी इराकबद्दलचे मत शेवटपर्यंत बदलले नाही आणि २०१२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले नाहीत. त्यांच्या जागेवर ख्रिस मर्फी निवडून आले. डिसेंबर २०१८ मध्ये येमेनच्या युद्धातील अमेरिकेचा सहभाग थांबवण्याचा ठराव सिनेटने ५६ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर केला, तेव्हा तो पुढे रेटणाऱ्या तिघांत मर्फी होते. पुढच्या वर्षी तसाच ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि अध्यक्ष ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरून तो परत पाठवला.