सीझियम इतकं खाली गेलंच कसं?

किरणोत्सारी कचरा जमिनीतून कसा सरकतो, याचं संगणकी मॉडेल तपासण्यासाठी आम्ही हॅनफर्डच्या एसएक्स नावाच्या गटातल्या टाक्यांची गळती निवडली होती. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीजवळ, शस्त्रांसाठी प्लुटोनियम काढून उरलेला कचरा 177 भूमिगत टाक्यांत भरलेला आहे. त्यातल्या कित्येक गळल्या.

त्या दिवशी मॉडेलमधलं सीझियम-137 (कचऱ्यातलं एक किरणोत्सारी द्रव्य) टाकीच्या बुडाला चिकटून बसलं होतं. बोअरमध्ये उपकरण सोडून घेतलेल्या गॅमा किरणांच्या नोंदीत मात्र ते कितीतरी मीटर खाली दिसत होतं. पहिला संशय बोअरवर घेतला. केसिंग, म्हणजे बोअरचा पाइप, खाली ठोकताना वरची दूषित माती सोबत ओढली जाते, म्हणून नोंदीचा सर्वांत खालचा भाग वगळला. तरी मेळ बसेना.

घोळ केडीत निघाला. केडी म्हणजे एक ग्रॅम माती किती मिलीलिटर पाण्यातलं द्रव्य धरून ठेवते तो आकडा. आम्ही साध्या भूजलात मोजलेला 2000 घेतला होता. मातीची घनता 1.6, पाण्याचा अंश 0.1 धरला, तर रिटार्डेशन फॅक्टर, म्हणजे द्रव्य पाण्यापेक्षा किती पट हळू सरकतं तो आकडा, येतो 1 + (1.6 ÷ 0.1) × 2000, म्हणजे 32,001. पाणी 32 मीटर सरकेल तेव्हा सीझियम जेमतेम 1 मिलीमीटर!

पण टाकीतून गळलं ते साधं पाणी नव्हतंच. कार्बन स्टील गंजू नये म्हणून आम्लयुक्त कचऱ्यात कॉस्टिक सोडा ओतलेला, त्यामुळे लिटरमागे काही मोल सोडियम. अभ्रकाच्या कडांवरच्या ज्या जागा सीझियम पकडतात, त्या सोडियमने अडवल्या. केडी 1 वर आणला की फॅक्टर 17 होतो आणि त्याच 32 मीटरमागे सीझियम सुमारे 1.9 मीटर जातं.

मग केडी कायम 1 ठेवायचा? तेही चूकच. पावसाने सोडियम पातळ झालं की माती सीझियमला पुन्हा घट्ट धरते, आणि 30 वर्षांच्या अर्धायुष्यामुळे 300 वर्षांत त्याचा हजारावा हिस्सा उरतो. म्हणून सोडियमसाठी वेगळं समीकरण घातलं आणि दर टप्प्याला केडी त्यावरून काढला.

दूरच्या काळातली खरी काळजी टेक्नेशियम-99 ची. परटेक्नेटेटचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या त्याच्या रूपाचा, केडी जवळजवळ शून्य, अर्धायुष्य सुमारे 2,11,000 वर्षं. लिटरला 100 बेकरेल (सेकंदाला 100 अणू विघटित होतात इतकं) असलेलं पाणी रोज 2 लिटर प्यायलं, तर वर्षाला 73,000 बेकरेल पोटात जातात. प्रौढांसाठी बेकरेलमागे 6.4 × 10⁻¹⁰ सिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) या गुणांकाने मात्रा भरते सुमारे 0.047 मिलिसिव्हर्ट. ही मात्रा लहान आहे, पण ती विहिरीवर पाणी भरणाऱ्या प्रत्येक पिढीला मिळणार आहे.

तेव्हापासून आमच्या इनपुट फाइलमध्ये प्रत्येक केडीशेजारी तो कोणत्या पाण्यात, किती सोडियम असताना मोजला, हा रकाना असतो. रिकामा असेल तर रन सुरू होत नाही.