हलवलेले देव

गोवा परदेश नाही, हे मला कळतं. पण माझ्या लहानपणी होता. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगालचं राज्य होतं. सत्तरी ओलांडल्यावर मी मुलासुनेकडे फोंड्याला राहायला आले, आणि सांगलीच्या मैत्रिणी अजून फोनवर विचारतात, "तिकडं करमतं का गं?" करमतं. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, एवढंच.

येताना सगळ्यात जड गेलं ते देवघर. खंडोबा, तुळजाभवानी, जोतिबा, तिन्ही टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव, सासूबाईंकडून आले. त्यांच्या मते बसलेले देव हलवायचे नसतात. घराची घडी विसकटते. त्या गेल्या तरी ते वाक्य घरातच राहिलं. मी टाक धुतल्या पातळात गुंडाळून डब्यात ठेवले आणि रेल्वेत रात्रभर डबा मांडीवर घेऊन बसले. मुलगा म्हणाला, "आई, चांदीच आहे ना, बॅगेत टाक." मी उत्तर दिलं नाही.

इथे आल्यावर कळलं, की आमच्या आसपासचे बहुतेक मोठे देव हलवलेलेच आहेत! मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, म्हणजे जुन्या कुशस्थळीचा. पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा १५६० च्या सुमारास त्याचं लिंग झुआरी नदी ओलांडून प्रियोळला आणलं. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. नदीपलीकडचा हा मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. मुसलमान सुलतानाच्या राज्यात हिंदू देव आसऱ्याला आले, ही गोष्ट आमच्या सोसायटीतल्या व्हॉट्सअॅप पंडितांना मी मुद्दाम सांगते. फोंडा पोर्तुगीजांकडे गेला तो १७६३ मध्ये. तोवर त्यांचा धर्माचा ज्वर बराच उतरला होता, म्हणून ही देवळं राहिली.

मला मात्र देवांपेक्षा त्या माणसांचं नवल वाटतं. कुणीतरी होडी दिली असेल. कुणाला तरी सगळं ठाऊक असून तो गप्प बसला असेल. पलीकडच्या गावाने जागा दिली. देवावर श्रद्धा असेलच, पण त्या काळात माणसावर भरवसा टाकणं जास्त अवघड होतं. आमच्या पिढीला श्रद्धा फुकट मिळाली, वारशात. भरवसा ज्याचा त्याला कमवावा लागतो.

कुंकळ्ळीची गोष्ट मला सुनेने दाखवली. तिचं माहेर तिकडचं. तिथली शांतादुर्गाही अशीच फातर्प्याला नेलेली. फाल्गुनात छत्रोत्सवाला ती आपल्या मूळ जागी येते, बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्या घेऊन, गुलालाच्या धुरळ्यात. वांगड म्हणजे गावकऱ्यांची मूळ घराणी. त्यांतली काही आज ख्रिस्ती आहेत, तरी देवीशी त्यांचं नातं तुटलेलं नाही. सुनेच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती आजींनी माझा हात धरून मला गर्दीतून पुढे नेलं. मी आभार मानले तर म्हणाल्या, "आमचीच न्हय ती?" धर्म बदलला, पूजा बदलली, आणि तरी "आमची" राहिली. सासूबाईंना हे पटलं नसतं. मलाही पटायला दोन-तीन दिवस लागले.

आता प्रश्न माझ्या टाकांचा. मुलगा पूजा करत नाही. सून करते, पण तिचं सगळं चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी आणि कवळ्याची देवी. खंडोबाची तळी भरायची कशी, हे तिला ठाऊक नाही, आणि ते तिने शिकायलाच हवं असा माझा हट्टही उरलेला नाही. ती म्हणाली, "आई, देवीला कौल लावूया का?" इथे मूर्तीला ओल्या पाकळ्या लावून गाऱ्हाणं घालतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जमिनीच्या वादापासून लग्नापर्यंत लोक विचारतात.

मी नको म्हटलं. डावी पडली असती तर मला झोप लागली नसती, हे खरं कारण. तिला सांगितलेलं कारण वेगळं होतं: हा निर्णय तुम्हा दोघांचा आहे, देवीच्या गळ्यात कशाला? नवरात्रात घट मात्र मी बसवणार आहे. फोंड्यात काळी माती कुठे मिळते, याची चौकशी सुरू आहे. कुणाला ठाऊक असेल तर कळवा.